प्रत्येक रोमन कुंभ काय वाईनचाच असतो का?

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला रोमन जहाजांवरचा लेख मस्त होता, पण फोटोखाली 'वाईनचे कुंभ' एवढं लिहून मोकळे झालात ते काही पटलं नाही. फोटोतल्या कुंभांचं तोंड बघा, कर्ण्यासारखं पसरट, मान रुंद, आणि बूड म्हणाल तर लांब पोकळ टोक. हा थाट दक्षिण स्पेनमधल्या मच्छीच्या मालाच्या अँफोरांचा, म्हणजे दोन कानांच्या मातीच्या कुंभांचा. हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने 1899 मध्ये कुंभांच्या आकारांचा तक्ता छापला, त्यातले 7 ते 11 नंबर बघितले की लगेच लक्षात येईल.

रोमन लोकांना गारम म्हणजे फिश सॉस किती लागायचा याची आपल्याला कल्पनाच नाही. मासे, त्यांची आतडी आणि भरपूर मीठ हौदात घालून महिनोन्महिने ठेवायचे, मिठामुळे सडत नाही आणि आतड्यातल्या रसांनी मांस आपोआप विरघळतं, वर येतो तो सॉस आणि तळाशी उरतो तो अॅलेक नावाचा गाळ, तोही विकला जायचा, वाया काही नाही! स्पेनमध्ये बायलो क्लाउडियाला ते हौद आजही बघायला मिळतात, पोर्तुगालच्या त्रोइयाला तर त्याहून मोठा पसारा आहे. दक्षिण स्पेनमधल्या कादिझच्या खाडीत तर कुंभ भाजायच्या भट्ट्याही जवळपासच, म्हणजे भांडं आणि माल एकाच भागात तयार. आतून राळेचं अस्तर लावायचे म्हणजे झिरपायला नको, आणि मानेवर शाईने मालाचं नाव, दर्जा, व्यापारी असं सगळं लिहायचे, चक्क लेबलच. पॉम्पेईच्या औलुस उम्ब्रिकियुस स्कॉरुसने तर घरातल्या मोझॅकमध्येच आपल्या सॉसच्या सुरया काढून घेतल्या, वर 'स्कॉरुसचा मॅकरेलचा उत्तम गारम' अशी जाहिरात. त्या मात्र एका कानाच्या छोट्या सुरया, लांबच्या प्रवासाचे कुंभ वेगळे.

आता नुसत्या आकारावरून छातीठोक सांगता येतं असंही नाही हं, कारण रिकामे झालेले कुंभ लोक सर्रास परत वापरायचे. इटलीत ग्रादोजवळ 1986 मध्ये सापडलेल्या बुडीत जहाजावर तेलाचे समजले जाणारे आफ्रिकन कुंभ होते आणि आत निघाले मासे. म्हणून मातीला चिकटलेली हाडं, खवले, मानेवरची अक्षरं असं सगळं तपासावं लागतं. जुन्या उत्खननात ही बारीक हाडं धुऊन टाकली गेली असतील तर मग काय बोलायचं, गेलं ते गेलं.

तेव्हा पुढच्या वेळी फोटोखाली कुंभाचा प्रकार आणि तो कुठे सापडला तेवढं तरी छापा ही विनंती, आणि आत काय होतं याची खात्री नसेल तर सरळ 'रोमन कुंभ' लिहा, वाईन नको.

आपला,
एक नेहमीचा वाचक