घोषणेला स्वतंत्र लेख कधी द्यावा?

महोदय,

२०१९च्या लोकसभा निवडणुकीत ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा कोल्हापूरकरांच्या तोंडी बसली. आघाडी असूनही काँग्रेसच्या सतेज पाटील यांनी राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिकांना बळ दिले आणि मंडलिक निवडून आले. म्हणून विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात या घोषणेला स्वतंत्र लेख असावा का? माझे स्पष्ट मत : सध्या नको. त्या निवडणुकीच्या लेखात एक परिच्छेद पुरेसा आहे, कारण निवडणूक बाजूला काढली तर या घोषणेबद्दल सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’चे तसे नाही. ती एका पक्षाची किंवा नेत्याची नव्हती. ती देणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत डावे, समाजवादी, शेकाप सारे होते. शंभरावर माणसे हुतात्मा झाली, १९६०मध्ये राज्य झाले आणि अभ्यासक आजही त्यावर लिहितात. १९७१च्या ‘गरिबी हटाओ’लाही लेख हवा. ती घोषणा पाळली गेली का, हा वाद निवडणुकीनंतरही चालूच राहिला.

फलक किती लागले, मोबाईलवर किती फिरली, हा निकष धरू नये. पैसा ओतला की तेवढे होतेच. पक्षाशी संबंध नसलेल्या लोकांनी त्या घोषणेवर सविस्तर लिहिले आहे का, ते पाहावे. प्रचारपत्रके आणि नेत्यांच्या मुलाखती त्यात धरू नयेत. कार्यकर्त्यांनी तर आपल्याच घोषणेवर लेख लिहू नये, मग पक्ष कोणताही असो.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर