सुटीत मुलांना शिकते ठेवणाऱ्या बाईंना पत्र

माननीय बाई,
सादर नमस्कार.

राज्यात इतरत्र जूनच्या मध्यास शाळा सुरू होतात, तेव्हा विदर्भात उन्हामुळे मुले आणखी काही दिवस घरीच असतात. एवढ्या लांब सुटीत वाचनाचा सराव तुटतो, गणित तर त्याहून लवकर विसरते, आणि ज्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नसते तिथल्या मुलांचे नुकसान अधिक होते. निवृत्तीनंतर विश्रांती घेण्याऐवजी आपण वस्तीतील समाजभवनात सकाळी सात ते नऊ या वेळेत मुलांना विनामूल्य बसवून घेतले, याबद्दल आम्ही सर्व पालक आपले मनापासून आभार मानतो.

पुढच्या इयत्तेची पुस्तके आत्ताच सुरू करावीत, असा आग्रह आमच्यापैकी अनेकांनी धरला होता. आपण तो शांतपणे नाकारलात आणि मागच्या वर्षीचे जे कच्चे राहिले आहे तेच पक्के करून घेतलेत, हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. चौथी पास झालेल्या मुलाच्या हाती दुसरीच्या मुलांसाठीचे गोष्टीचे पुस्तक देताना त्याला कमीपणा वाटू नये, म्हणून आपण तीच गोष्ट त्याला धाकट्यांना वाचून दाखवायला सांगितली. आज तो मुलगा दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्राचे मथळे, दिसेल ते मोठ्याने वाचतो.

गणिताच्या बाबतीत तर आपण आमच्या स्वयंपाकघरांचाच उपयोग केला. किलोभर कैरीला पाव किलो मीठ, तर तीन किलोला किती, असे विचारून आपण पावकी, निमकी आणि पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे जुने पाढे, पुन्हा वापरात आणलीत. माझ्या सासूबाईंना ती अजून तोंडपाठ आहेत, आणि नातीला शिकवण्याचा मान मिळाल्याने त्या किती सुखावल्या, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. वर्तमानपत्रातील रोजचे कमाल तापमान वहीत नोंदवून मुलांनी आलेख काढले, आणि पारा 45 अंशांवर गेला त्या दिवसाचा बिंदू कोणी काढायचा यावरून त्यांच्यात चढाओढ लागली. 1863 साली स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, मुलांना नेण्यापूर्वी प्रत्येकाने तिथे विचारायचा एक प्रश्न लिहून आणावा, ही आपली अटही मुलांनी आनंदाने पाळली.

घरी रोज थोडा वेळ मुलाचे वाचन ऐकत जा, चूक झाली तरी मध्ये थांबवू नका, असे आपण आम्हाला सांगितले होते. रात्रीची जेवणे आटोपल्यावर आमच्या घरी ते आजही चालू आहे. पुढील उन्हाळ्यात सतरंज्या घालणे, पाण्याची सोय करणे आणि लहानांचे वाचन ऐकणे ही कामे पालक आळीपाळीने करतील, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठीची नावांची यादी या पत्रासोबत आपल्याकडे पाठवत आहोत. तीत आपल्या सोयीनुसार बदल करावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
वस्तीतील पालकांच्या वतीने एक आई
नागपूर