गुड फ्रायडेला शुभेच्छा देत नाहीत, आणि आमचे देव तीन नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरच्या आठवड्यात आपल्या पेपरात ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा लेख आला होता. असा लेख छापावासा वाटला याबद्दल आधी मनापासून आभार, कारण एरवी आमची आठवण डिसेंबरात केक आणि लायटिंगच्या फोटोपुरतीच होते. पण त्या लेखात दोन गोष्टी अशा होत्या की वाचून गप्प बसवेना. एक म्हणजे ख्रिश्चन लोक तीन देव मानतात, आणि दुसरी म्हणजे चांगली कामं करा, स्वर्ग मिळेल, ही येशूची मुख्य शिकवण. आणि त्याच पानावर खाली जाहिरात, हात जोडलेला फोटो आणि गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा. यात कुणाचा वाईट हेतू नाही हे मला पक्कं माहीत आहे. आपल्या बेळगावात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू सगळं ऐकू येतं, गणपतीला आम्ही जातो, नाताळला तुम्ही येता. पण इतकी वर्षं शेजारी राहून एकमेकांच्या श्रद्धेचं मूळ काय तेच माहीत नसावं हे मला बरं वाटत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, जागा द्यावी.

शुभेच्छांचं आधी उरकते. गुड फ्रायडे हा येशूला मारल्याचा दिवस. रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने यरुशलेमबाहेर त्याला क्रुसावर खिळलं, तो दिवस. त्या दिवशी आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते, वेदीवर फूल नाही, क्रुसाला काळं कापड, आणि क्रुसावरून तो जी सात वाक्यं बोलला त्यातल्या एकेका वाक्यावर प्रवचन. बरेच जण उपवास धरतात. बाहेर पडल्यावर फोन उघडावा तर हॅपी गुड फ्रायडेचे पंधरा मेसेज. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर दोन दिवस थांबून रविवारी, म्हणजे तो मरणातून उठला त्या ईस्टरच्या दिवशी द्या, त्या आम्ही आनंदाने घेऊ.

आता मुख्य मुद्दा, चांगल्या कामांचा. आमच्या श्रद्धेचा कणा जर कशाला म्हणायचं तर तो कृपेला, आणि लेखात नेमका तोच शब्द कुठे नव्हता. आम्ही असं मानतो की माणूस स्वतःच्या बळावर, कितीही दानधर्म केला, कितीही उपास केले, तरी देवासमोर ताठ उभा राहू शकत नाही, कारण पाप म्हणजे नुसती चोरी-लबाडी नव्हे, देवाकडे पाठ फिरवून मीच माझा मालक म्हणून जगणं हे पाप, आणि ते चांगल्यातल्या चांगल्या माणसातही मुरलेलं असतं. मग सुटका कशी, तर देवानेच पुढाकार घेतला. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाला जामीनदार लागतो आणि कर्जदार बुडाला की वसुली त्याच्याकडून होते हे कुणाला सांगायला नको. येशू आमचा जामीनदार झाला, आणि सही करताना त्याला ठाऊक होतं की हे सगळं आपल्यालाच भरायचंय. क्रुसावर मरून त्याने ते भरलं. आता माणसाने काय करायचं, तर विश्वास ठेवून ते स्वीकारायचं, बस. येशूचा प्रेषित पौल याने इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला हेच लिहिलं की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं, ते देवाचं दान आहे, तुमच्या कामांचं फळ नाही, म्हणजे कुणी बढाई मारायला नको.

यावर लगेच विचारतात, मग काय, विश्वास ठेवायचा आणि वाटेल तसं वागायचं का? अजिबात नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सरळ म्हटलंय की कामांवाचून विश्वास मेलेला. फरक क्रमाचा आहे. आम्ही चांगलं वागतो ते तारण मिळावं म्हणून नाही, मिळालंय म्हणून. ऐकायला हा फरक बारीक वाटेल पण यावरूनच 1517 पासून, मार्टिन लुथरने पोपच्या चर्चविरुद्ध आवाज उठवल्यापासून, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात केवढं रामायण झालं, युद्धं झाली, माणसं जिवंत जाळली गेली, आणि शेवटी 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी एका कागदावर सह्या केल्या की देव माणसाला नीतिमान ठरवतो तो केवळ कृपेने, या मूळ गोष्टीवर आपण एक आहोत. आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंटांमधलाच एक पंथ, त्यात 2006 साली सामील झालो. बाकीचे मतभेद आहेत अजून, पण गाभा एक.

आणि हे पुस्तकातलं तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी येऊन बघा. वेदीपुढच्या कठड्याशी लोक ओळीने गुडघे टेकतात, डॉक्टर असेल, सफाई कामगार असेल, कोर्टात एकमेकांविरुद्ध केस चालू असलेले सख्खे भाऊ असतील. उजवा तळवा डाव्या तळव्यावर ठेवून हात पुढे करायचे. पाळकसाहेब ओळीने येतात, भाकरीचा छोटा चौकोनी तुकडा तळव्यावर ठेवतात, मागून ट्रेमधून द्राक्षरसाचे बोटभर ग्लास येतात. तुकडा स्वतः उचलून घ्यायचा नाही, तो दिला जातो. कुणाला मोठा नाही, कुणाला लहान नाही. माझ्या आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कृपा म्हणजे काय हे तिने तिथे गुडघ्यावर बसून जेवढं ओळखलं होतं तेवढं मला अजून जमलेलं नाही असं मला खरंच वाटतं.

यातूनच आणखी एक. आमिष दाखवून, पैसे देऊन बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, देतात हा आरोप आपल्या भागात वरचेवर होतो. जी गोष्ट फुकटच आहे आणि जी मनापासून विश्वास ठेवल्याशिवाय मिळतच नाही, तिच्यासाठी माणूस विकत घ्यायचा तरी कशाला? असं कुणी करत असेल तर तो कायद्याच्या आधी आमच्या श्रद्धेचाच गुन्हेगार आहे. तीच गोष्ट पोस्टर लावून, सभा घेऊन, प्रार्थनेने घर, नोकरी, गाडी मिळेल म्हणून सांगणाऱ्यांची. आजाऱ्यासाठी प्रार्थना आम्ही करतो, करायलाच पाहिजे, पण पौलाने स्वतःच्या दुखण्यासाठी तीनदा विनवणी केली आणि ते गेलं नाही, उत्तर काय आलं तर माझी कृपा तुला पुरे. हे पण त्या स्टेजवरून कुणीतरी सांगायला हवं.

आता तीन देवांचं. माझ्या शेजारच्या काकी एकदा सरळच म्हणाल्या, "काय ओ बाई, तुमच्यात देव तीन हाईत म्हणे, मग फोटो एकाचाच का लावतासा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की देव एकच. सगळ्यात मोठी आज्ञा कुठली असं येशूला विचारलं तेव्हा त्याने सुरुवातच केली ती, ऐक इस्राएला, आपला देव परमेश्वर हा एकच आहे, या जुन्या वचनाने. पण हा एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे, सनातन काळापासून, त्याच्या स्वतःमध्येच प्रीतीचं नातं आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आणि तिघे मिळून तीन देवही नव्हेत, याला आम्ही त्रैक्य म्हणतो. संडे स्कूलमध्ये पोरांना पाणी, बर्फ आणि वाफ असं उदाहरण देतात, ते मला पटत नाही, कारण त्यातून असं वाटतं की एकच देव वेळेप्रमाणे रूप बदलतो, आणि ही कल्पना मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी वरून, तिघेही एकाच वेळी. हे पूर्ण समजलं असं मी म्हणणार नाही. देव माझ्या डोक्यात मावत नाही याचं मला काही वाईट वाटत नाही.

येशू कोण यावरून तर पहिल्या चारशे वर्षांत इतका काथ्याकूट झाला की विचारू नका. आरियस नावाचा एक धर्मगुरू म्हणाला की पुत्राला देवाने निर्माण केलं, तो श्रेष्ठ खरा पण देव नव्हे. 325 साली निकिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशपांची, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंची, परिषद भरली आणि तिने हे मत नाकारलं, पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं. 2025 मध्ये त्याला 1700 वर्षं झाली. पुढे 451 च्या खाल्सेदोन परिषदेत ठरलं की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, अर्धा-अर्धा नव्हे. हे महत्त्वाचं का, तर तो माणूस नसता तर आमच्या वतीने मरू शकला नसता, आणि देव नसता तर त्याच्या मरणाने कुणाचं तारण झालं नसतं. थोर संत, समाजसुधारक, गुरू म्हणून त्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, चांगलंच आहे, पण आमची श्रद्धा त्याहून पुढची आहे. त्याची आई मरिया हिचा कॅथलिक बांधव विशेष मान ठेवतात, कॅम्पातल्या फातिमा चर्चचं नावच तिच्यावरून आहे (फातिमा हे पोर्तुगालमधलं गाव, तिथे तिचं दर्शन झालं असं ते मानतात), पण आराधना त्यांच्याकडेही फक्त देवाचीच, हेही लेखात गडबडलं होतं.

आणि शेवटी ज्याच्यावर सगळं उभं आहे ते पुनरुत्थान. पौलाने करिंथच्या लोकांना बजावलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार फोल आणि तुमचा विश्वासही फोल. हे पत्र घटनेनंतर पंचवीस एक वर्षांतलं, त्यात तो लिहितो की पाचशेहून जास्त लोकांनी त्याला पाहिलं आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत, म्हणजे जा आणि विचारा. कबर रिकामी दिसली ती आधी बायकांना. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, कुणाला गोष्ट रचायचीच असती तर पहिले साक्षीदार म्हणून येशूची शिष्या मरिया मग्दालिया हिला कोण उभं करील? पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे हेही सांगायला हवं. आम्ही मानतो की हे आयुष्य एकदाच, मग न्याय, आणि जसा ख्रिस्त देहासह उठला तसे आम्हीही एके दिवशी उठू. आम्ही माणसाला पुरतो त्यामागे हीच आशा आहे. ईस्टरला पहाटे अंधारातच आमची माणसं स्मशानभूमीत जातात, आपापल्या माणसांच्या कबरी आदल्या दिवशीच धुऊन ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर शेवंतीचे हार, मेणबत्त्या, आणि तिथे उभं राहून आम्ही गाणी म्हणतो, रडगाणी नव्हे, आनंदाची. मागच्या वर्षी गेलेल्या पोराच्या कबरीशी उभी राहून एक आई आल्लेलूया म्हणते, तेव्हा शेजारी उभं राहणाऱ्याला कळतं की हा विश्वास या लोकांना काय देतो.

जाता जाता, लेखात ब्रिटिशांनी आणलेला धर्म असं म्हटलंय. गोव्यातले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं ते 1616 साली छापून झालं, तेव्हा इथे ब्रिटिशांचं राज्य कुठे होतं? आणि मराठीतली पहिली कादंबरी, 1857 ची, लिहिणारे बाबा पदमनजी जन्मले ते आपल्याच बेळगावात, 1831 साली. मराठी ख्रिस्ती माणूस या मातीत उपरा नाही.

तेव्हा विनंती एवढीच की तीन देव आणि चांगल्या कामांचा स्वर्ग या दोन गोष्टींचा खुलासा पुढच्या रविवारच्या अंकात छापावा, आणि जाहिरात विभागाला सांगून ठेवावं की पुढच्या वर्षी शुभेच्छांच्या जाहिराती शुक्रवारच्या नको, ईस्टर रविवारच्या अंकात घ्याव्यात. तारीख दरवर्षी बदलते, कुठल्याही चर्चच्या पाळकांना फोन केलात तरी सांगतील.

आपली,
एक मराठी ख्रिस्ती वाचक, कॅम्प, बेळगाव