अमळनेरच्या आप्पांना, मोगऱ्याच्या निमित्ताने

आप्पा, सा. नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय कापसाच्या भावावर नेता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

नव्या घराच्या अंगणात मी मोगरा, जास्वंद, बोगनवेल, एक्झोरा सगळं एका दिवसात लावलं. आपल्याकडचा उन्हाळा 44-45 अंशांचा, म्हणून दोन्ही वेळा पाइप धरून उभी. ती सवय थंडीतही सुटली नाही. मोगऱ्याला पानंच पानं, कळी एक नाही. तुम्ही फाटकातूनच म्हणालात, "माय, झाडले पानी पाजी पाजी मारशी का?" खरं सांगते, राग आला होता.

जानेवारीत तुम्ही मोगऱ्याचं पाणी तोडलंत. चांगला ताण बसल्यावर कात्री लावलीत, उरलेली पानंही ओरबाडलीत, मग बुंध्याची माती चाळवून शेणखत घातलंत आणि पाणी सोडलंत. अंगणात नुसत्या काड्या! सासूबाई म्हणाल्या, "गेलं झाड." मोगऱ्याला कळी नव्या फुटीवरच येते, हे तुम्ही सांगितलं होतं, पण त्या काड्यांकडे बघून कुणाचा विश्वास बसणार? मार्च संपता संपता ओंजळभर फुलं निघाली. पहिला गजरा सासूबाईंनीच माळला. त्या दिवसापासून तुमचा चहा त्या स्वतः करतात, हे लक्षात आलंय ना?

एक्झोऱ्याची गोष्ट तर मी येईल त्या पाहुण्याला सांगते. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी खत वाढवत होते. तुम्ही आपल्या काळ्या मातीतला एक पांढरा खडा उचललात, त्यावर लिंबू पिळलंत, आणि तो फसफसला. "चुनखड आहे. लोह जमिनीत असलं तरी मुळांना उचलता येत नाही." झाड लाल माती भरलेल्या कुंडीत हलवलंत, पानांवर हिराकसाचं, म्हणजे लोहाच्या क्षाराचं, हलकं पाणी फवारलंत. नवी पानं हिरवी आली. जुनी मात्र पिवळीच राहिली.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आता मीच साबणाच्या पाण्याने धुते. आधी मुंग्यांची रांग शोधायची, हेही तुमचंच.

रविवारी या. येताना कात्री आणा. पाणी तोडल्यापासून बोगनवेल अशी फुललीय की शेजाऱ्यांच्या जिन्यावर गेलीय, आणि मला छाटायचा धीर होत नाही.

तुमच्या मागच्या गल्लीतली सून