पेढे की बर्फी

ती. आई-बाबांना सा. न.

छकुलीचं ऑपरेशन आत्ता करायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

तिची गुणसूत्रं एक्स-एक्स, म्हणजे मुलीची आहेत, सोनोग्राफीत गर्भाशय आणि बीजकोश व्यवस्थित दिसले. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत कॉर्टिसोल बनवणारं एक एन्झाइम कमी पडतं, मग कच्चा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो आणि पोटात असतानाच जननेंद्रियाचा बाहेरचा भाग वाढतो. आई, यात ग्रहणाचा काही संबंध नाही. दोन्हीकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं, तेव्हा सासर-माहेर दोघांनीही बोट दाखवू नये!

लघवीला अडथळा नाही. ऑपरेशन असतं ते दिसण्यापुरतं. त्यात संवेदना जाऊ शकते आणि वयात येताना पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं. डॉक्टरांची जुनी पट्टी अशी: जन्मतः त्या भागाची लांबी साधारण 1 सेंमीच्या आत तर मुलगी, 2.5 च्या वर तर मुलगा, मधलं माप आलं की कात्री. तमिळनाडूने 2019 मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जिवाला धोका नसताना तान्ह्या बाळांवर अशी ऑपरेशनं करायला बंदी घातली. आपल्याकडे मात्र पेढे की बर्फी एवढंच विचारतात. बर्फी वाटा, खुशाल. मोठेपणी ती स्वतःला काय म्हणेल, तिला कोण आवडेल, हे तिचं ती सांगेल.

खरी काळजी औषधाची. कॉर्टिसोलची भरपाई करणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या पुड्या आठ-आठ तासांनी. गोळी पाण्यात कालवून अर्धं पाणी पाजायचं नाही. औषध तळाशी बसतं आणि डोस चुकतो. ताप आला की दुप्पट, 102 च्या पुढे तिप्पट. उलट्या थांबेनात किंवा ती मलूल झाली तर 100 मिग्रॅच्या कुपीत 2 मिली पाणी घालून त्यातलं अर्धा मिली मांडीत टोचायचं आणि तडक दवाखाना. अंगातलं मीठ झपाट्याने उतरतं, सकाळची वाट बघायची नाही. टोचायला बाबांनी शिकायचं. आईचा हात थरथरतो.

तुमची खोली तयार आहे, कमोड बसवलाय, गवती चहाची कुंडीही आणलीय. आई, मला लावायचीस तसंच तिला तेल लाव, अंगाखांद्यावर घे. लंगोट बदलताना नजर तेवढी चोरू नकोस.

बाबा, बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या घ्या. नानांना आत्ता काही सांगू नका, त्यांच्याशी मी बोलेन.

तुमची,
ठमी