सईच्या दंडावरचा सेन्सर

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

सई घरी आली, हिंडू-फिरू लागली, हे वाचून जीव भांड्यात पडला. मला सईसारखाच टाइप 1 मधुमेह निघाला तेव्हा मी अकरावीत होतो. आई कित्येक रात्री माझ्या उशाशी जागी असायची, तेव्हा तुम्ही दोघं कशातून जाताय याची कल्पना आहे.

तुझ्या पत्रातलं एक मात्र खटकलं. दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर दिसू नये म्हणून सईला लांब बाह्यांचे कपडे घाला, पुढे लग्नात अडचण यायची, असं काकू म्हणतात. अरे, पोर पाचवीत आहे! काकूंवर चिडू नकोस, आपल्याकडे मुलीचा आजार दाबून ठेवायचीच रीत. तू ती पाळू नकोस, एवढंच. वर्गात साखर उतरली, तिला घाम फुटला, हात थरथरले, ती भलतंच बोलू लागली, तर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला कळायला हवं की आत्ता हिला ग्लुकोज द्यायचंय. साधारण 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे पाण्यात कालवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे सगळं आजार लपवून कसं साधणार?

मुख्याध्यापकांना लेखी पत्र दे. शाळा सीबीएसईची आहे ना? त्या मंडळानं 2017 मध्येच बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, खाऊ बरोबर नेऊ दिला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानंही 2023 मध्ये राज्यांना लिहिलं, की मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, खाऊ द्या. बाईंनी कुरकुर केली तर हे पुढे कर.

आता सेन्सरबद्दल. तो रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे चालतो. साखर भरभर उतरत असेल किंवा आकडा आणि तिची तब्येत जुळत नसेल, तर बोटाला टोचून खात्री कर. आणखी एक गंमत: सई त्याच कुशीवर झोपली की सेन्सर दाबला जातो आणि रात्री दोनला खोटाच कमी आकडा दाखवून घर उठवतो! आमच्याकडे हे नेहमीचं. दर 14 दिवसांनी नवा घेणं खिशाला जड जातंच. एखाद्या महिन्यात जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, बोट टोचून तपासायच्या पट्ट्यांवर मी कॉलेजची सगळी वर्षं काढली.

तुझ्या साडूनं सुचवलेल्या त्या वैद्यांच्या पुड्यांबद्दल: इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. तिच्या शरीराच्या संरक्षण यंत्रणेनंच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारल्यात. वहिनींनी चॉकलेटं दिली म्हणून काही झालेलं नाही, हे त्यांना माझ्या वतीनं ठणकावून सांग. बरं करण्याचे खरे प्रयत्न कुठे चाललेत तेही ऐक. मूळपेशींपासून (स्टेम सेल) तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीरात सोडण्याच्या एका चाचणीचे निष्कर्ष जून 2025 मध्ये आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जणांना वर्षभरानं इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. मी ते दोनदा वाचलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि ते सगळे साखर धोकादायकरीत्या उतरण्याचा त्रास असलेले मोठे लोक होते. सईसाठी आज इन्सुलिनच.

छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडांची ‘उडान’ ही संस्था टाइप 1 च्या मुलांसाठीच काम करते. एकदा तिघं जाऊन या. डॉक्टर जे दहा वेळा सांगतात, ते बरोबरीच्या पोरीनं स्वतःच्या पोटावर सुई टोचून दाखवलं की एका फटक्यात पटतं.

सईला म्हणावं, काकाच्या दंडावरही तस्साच सेन्सर आहे. दिवाळीत आलात की आकडे ताडून बघू. करंजी खाऊन कोणाचा जास्त चढतो ते. इन्सुलिनचा हिशेब आधी करायचा, हे मात्र नक्की. काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद