उरलेल्या लोकरीच्या टोपलीला पुरवणीत जागा द्यावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून विणकामाचे लेख येऊ लागतात, आणि क्रोशाची सुई रोज हाती धरणाऱ्या माझ्यासारख्या वाचकांना त्याचा मनापासून आनंद होतो. मात्र या लेखांतली साहित्याची यादी बहुधा नव्या लोकरीपासूनच सुरू होते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली छापलेल्या कृतीतही अमुक रंगाचे दोन गुंडे आणावेत, असे सांगितलेले असते. स्वेटर, टोपडी आणि दुपटी विणून झाल्यावर घरोघरी पिशवीत साठत जाणाऱ्या लहानमोठ्या गुंड्यांचे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहतो. त्या गुंड्यांची सामान ठेवायची छोटी टोपली विणावी आणि आपल्या पुरवणीने तिची कृती सविस्तर छापावी, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे दुकानांतून लोकर म्हणून जो माल विकला जातो, तो बहुतांशी ॲक्रिलिकचा असतो. मेंढीच्या लोकरीशी त्याचा संबंध नाही; खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून तो धागा तयार होतो, तो कुजत नाही आणि जाळला तर त्याचा धूर घातक असतो. म्हणजे उरलेला गुंडा कचऱ्यात टाकणे हे प्लास्टिक टाकण्यासारखेच आहे. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून पुष्कळ जणांनी कापडी पिशवी जवळ केली, पण औषधाच्या पट्ट्या, केसांच्या पिना, मोबाइलचे चार्जर ठेवायला त्याच घरांत प्लास्टिकच्या टोपल्या आजही विकत आणल्या जातात. अंगावर घालायच्या वस्तूला एकाच जातीची, एकाच छटेची आणि पुरेशी लोकर हवी असते. टोपलीला यांतले काहीच लागत नाही. शिवाय ॲक्रिलिकचे कपडे धुताना त्यांचे बारीक तंतू सांडपाण्यात जातात, तर टोपली क्वचितच धुवावी लागते. माझ्या मते उरलेल्या लोकरीचा याहून योग्य उपयोग नाही.

कृती अवघड नाही. क्रोशाचा फक्त मुका खांब, म्हणजे साधा आखूड टाका, येत असला तरी पुरते. चार पदरी लोकरीचे दोन धागे एकत्र धरून जाड सुईने, म्हणजे ५ मिलिमीटरच्या, घट्ट विणावे. एक गुंडा बारीक असेल तर त्याच्या जोडीला आणखी एक बारीक धागा घ्यावा, म्हणजे जाडी सारखी राहते. धाग्याचे कडे करून त्यात ६ मुके खांब घालावेत आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवत जावे: १२, १८, २४, असे ४८ पर्यंत. एवढ्यात साधारण तळहाताएवढा तळ तयार होतो. तळाची कड वर वळून वाटीसारखी होऊ लागली, तर टाके कमी वाढले आहेत आणि कडेला झालर पडू लागली, तर जास्त वाढले आहेत, असे समजून तेवढी फेरी उसवावी. दर फेरीत वाढीचे टाके एकावर एक आले तर गोल तळ षट्कोनी दिसू लागतो, म्हणून त्यांची जागा थोडी सरकवत राहावी. छापील कृतींत ही बारकाई सहसा गाळलेली असते आणि नवशिक्यांचा हिरमोड नेमका तिथेच होतो.

तळ झाल्यावर एक फेरी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून सुई घालून विणली की कड ठसठशीत उभी राहते. तिथून पुढे टाके न वाढवता लोकर संपेपर्यंत वर चढत जावे. रंग बदलताना फेरीच्या शेवटच्या टाक्याचा अखेरचा वेढा नव्या रंगाने ओढून घ्यावा आणि दोन्ही टोके पुढच्या टाक्यांखाली दाबत न्यावीत, म्हणजे मागाहून सुईने टोके लपवण्याचे कंटाळवाणे काम उरत नाही. ओंजळीएवढ्या टोपलीला ५० ते ६० ग्रॅम लोकर पुरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर गुंडे आधी तोलून घेतले की टोपली किती उंच होईल, याचा अंदाज येतो. ॲक्रिलिक उष्णतेने वितळते, त्यामुळे ही टोपली गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये किंवा तिच्यात गरम भांडे ठेवू नये, ही सूचना कृतीसोबत ठळक छापायला हवी.

शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासालाही ही टोपली सहज शिकवता येईल, कारण मुलांनी घरून आणलेल्या उरल्यासुरल्या लोकरीवर काम भागते आणि पालकांना खर्च पडत नाही. आपण कृती छापाल तेव्हा साहित्यात रंगांची नावे न देता केवळ वजन द्यावे, प्रत्येक फेरीच्या टाक्यांची संख्या द्यावी आणि तयार टोपलीबरोबरच अर्धवट विणलेल्या तळाचे छायाचित्रही द्यावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक